साईन १०° बैजिक संख्या आहे, मग तिच्या दशांश अंकांत क्रम का सापडत नाही?

तुम्ही विचारलंय की कॅल्क्युलेटरवर साईन १०° = ०.१७३६४८१७७६६६९३… येतं, ही संख्या बैजिक आहे (म्हणजे पूर्णांक सहगुणक असलेल्या एखाद्या बहुपदी समीकरणाचं मूळ आहे), तर तिचे अंक कुठेतरी पुन्हा येऊ लागत असतील का.

नाही, आणि हे तुम्ही स्वतः कागदावर सिद्ध करू शकता. साईन ३अ = ३ साईन अ − ४ साईन³ अ या सूत्रात अ = १०° घाला. डाव्या बाजूला साईन ३०°, म्हणजे अर्धा. साईन १०° ला क्ष म्हटलं की ८क्ष³ − ६क्ष + १ = ० उरतं. आता २क्ष = य मानलं की य³ − ३य + १ = ०. इथे य³ चा सहगुणक १ आहे, बाकीचे पूर्णांक आणि शेवटचं पद १, त्यामुळे परिमेय मूळ असलंच तर ते १ किंवा −१ असणार. दोन्ही घालून पाहा: −१ आणि ३ येतात, शून्य येत नाही. म्हणून संख्या अपरिमेय, आणि अपरिमेय संख्येचा दशांश विस्तार कधीच आवर्ती होत नाही. (क्ष च्या समीकरणाची उरलेली मुळं साईन ५०° आणि −साईन ७०°. मला हे फार आवडतं.)

मग बैजिक असण्याचा फायदा काय? अंक काढता येतात. समीकरण क्ष = (१ + ८क्ष³) ÷ ६ असं लिहा, शून्यापासून सुरुवात करा आणि आलेलं उत्तर पुन्हा आत घाला: ०.१६६६७, ०.१७२८४, ०.१७३५५, ०.१७३६४… दर फेरीला चूक साधारण आठपट कमी होते, म्हणजे जवळजवळ एक अंक पदरात पडतो. पंधराव्या शतकात समरकंदला गणितज्ञ अल्-काशी यांनी साईन १° असाच, साईन ३° वरून काढला होता.

पण अंक काढता येणं वेगळं आणि अंकांचा स्वभाव कळणं वेगळं. साईन १ रेडियन (रेडियन हे कोन मोजण्याचं दुसरं एकक) = ०.८४१४७०९८… ही संख्या बैजिक नाही, हे गणितज्ञ लिंडेमान यांच्या १८८२ च्या कामातून निघतं. तरी दोन्हींचे अंक शेजारी ठेवले तर कोणती बैजिक, हे नुसतं बघून ओळखता येणार नाही. बैजिक अपरिमेय संख्येत दहाही अंक सारख्याच प्रमाणात येत असावेत, असा अंदाज गणितज्ञ बोरेल यांनी १९५० मध्ये मांडला. तो अजून सिद्ध झालेला नाही. साईन १०° मध्ये ७ हा अंक अनंत वेळा येतो, एवढंसुद्धा कुणी सिद्ध केलेलं नाही!

क्रम नाही, याबद्दल मात्र एक पक्की गोष्ट हाती आहे. आदामचेव्स्की आणि ब्यूजो या गणितज्ञांनी २००७ मध्ये दाखवलं की बैजिक अपरिमेय संख्येचे अंक कुठल्याही सांत स्वयंचलित यंत्राला, म्हणजे ठरावीक मोजक्याच अवस्था असलेल्या यंत्राला, निर्माण करता येत नाहीत. तुम्ही शोधताय तो क्रम इतका साधा असेल, तर तो तिथे नाही.