विधिमंडळ पक्षाच्या कार्यालयात व्हिडिओग्राफरची नोकरी घ्यावी का?

तुम्ही विचारलंय : "एका पक्षाच्या विधिमंडळ कार्यालयात व्हिडिओग्राफर हवाय. अधिवेशनापुरता कॅमेरा धरायचा, बाकी फारसं काम नसतं असं ऐकलं. घ्यावं का? पुढे न्यूज चॅनेलमध्ये जाता येतं का?"

हे ज्यानं तुम्हाला सांगितलं त्याला एकदा जुलैच्या पावसात सकाळी साडेनऊला विधानभवनाच्या पायऱ्यांसमोर उभा करा. मी चार वर्षं उभा होतो. पक्ष कुठला ते विचारू नका, सगळीकडे सारखंच आहे.

कॅमेरा धरणं हा दिवसातला जेमतेम तासाभराचा भाग. सभागृह अकराला बसायच्या आत पायऱ्यांवरची घोषणाबाजी उरकते. फलक, गळ्यात कांद्याच्या नाहीतर कापसाच्या माळा, समोर चॅनेलवाल्यांची रेटारेटी. चॅनेलवाल्याला एक चांगला शॉट मिळाला की त्याचं काम झालं. आपल्याला मात्र आपले सगळे आमदार फ्रेममध्ये लागतात, एकाचा जरी खांदा कापला गेला तरी संध्याकाळी विचारणा होते. आणि जे साहेब घोषणा संपल्यावर पोचतात ते म्हणणार, "परत एकदा होऊ द्या रे." की पाच-सहा जण पुन्हा पायरीवर आणि आपण पुन्हा रेकॉर्डिंगवर.

त्यानंतरचा दिवस खुर्चीत जातो. सभागृहात आपला कॅमेरा जात नाही. आत विधिमंडळाचे स्वतःचे कॅमेरे असतात, आपण कार्यालयात बसून ते थेट प्रक्षेपण उतरवून घ्यायचं. लक्षवेधी (मंत्र्यांकडून उत्तर मागणारी आमदाराची सूचना) दुपारी येईल म्हणतात आणि ती येते दिवे लागणीला. तोवर जागचं हलायचं नाही, कारण साहेब बोलून बाहेर पडायच्या आत निरोप येतो, "क्लिप झाली का?" मतदारसंघातल्या ग्रुपवर ती पहिल्या पंधरा मिनिटांत गेली पाहिजे. खाली नाव, मतदारसंघ, विषय, सगळं मराठीत टाइप केलेलं. ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर विरोधक त्याचीच क्लिप करतात.

आता माझी गोष्ट सांगतो.

2018 चं पावसाळी अधिवेशन मुंबईऐवजी नागपूरला झालं होतं. 6 जुलैला इतका कोसळला की विधानभवनात वीजपुरवठ्याच्या खोलीत पाणी शिरलं, वीज बंद करावी लागली आणि कामकाज दिवसभरासाठी तहकूब झालं. लॅपटॉप चौदा टक्क्यांवर, बाहेर गुडघाभर पाणी, आणि मी मोबाइलवर अंधारे जिने टिपत फिरतोय. मजा आली होती, खोटं कशाला बोलू.

पुढच्या आठवड्यात आमचे एक आमदार पीकविम्यावर बोलले. पहिलीच टर्म, कोरडवाहू तालुका. माणूस पोटतिडकीनं बोलला. कुठल्या गावात किती शेतकऱ्यांना एक रुपयाही मिळाला नाही, नावानिशी. बोलता बोलता एका मंत्र्यांना उद्देशून एक शब्द सुटला. समोरच्या बाकांवर गदारोळ. अध्यक्षांच्या जागी त्या वेळी बसलेले तालिका अध्यक्ष उठून म्हणाले, "तो शब्द कामकाजातून काढून टाकण्यात येत आहे."

मी तो शब्द कापला. एक मिनिट चाळीस सेकंदांवर होता. कापल्यावर चित्रात उडी दिसत होती म्हणून त्यावर सकाळचा पायऱ्यांवरचा शॉट टाकला आणि क्लिप पाठवून दिली.

दहा मिनिटांत कार्यालयात हलकल्लोळ. साहेब म्हणाले, "क्लिपचा जीवच काढलास की." आमच्या माध्यमांचं बघणारे होते, त्यांना सगळे दादा म्हणायचे. त्यांचं म्हणणं, "लाइव्ह गेलं ना? अख्ख्या महाराष्ट्रानं ऐकलं. मग तू कुणापासून लपवतोस?" मी म्हटलं, दादा, काढून टाकलेला शब्द पक्षाच्या पेजवर टाकला तर हक्कभंग येईल, सभागृहाचा विशेषाधिकार मोडला म्हणून कारवाई होईल. त्यावर चार लोकांसमोर उत्तर मिळालं, "तू कॅमेरावाला आहेस, वकील नाहीस." रात्री कुणीतरी टीव्हीचा पडदा मोबाइलवर टिपून तो शब्द सगळीकडे फिरवला. त्यानंतर अधिवेशन संपेपर्यंत साहेब माझ्याशी बोलले नाहीत. समोर आले की माझ्या ट्रायपॉडकडे बघायचे.

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, आता देतो. बिहार विधानसभेत 30 मे 1957 रोजी एका सदस्याचं भाषण झालं, त्यातला काही भाग अध्यक्षांनी वगळायला लावला. पाटण्याच्या 'सर्चलाइट' दैनिकानं दुसऱ्या दिवशी त्या भागासकट बातमी छापली. हक्कभंगाची नोटीस आली, संपादक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर 1958 मध्ये हरले. न्यायालयाचं म्हणणं असं की, अध्यक्षांनी वगळायला सांगितलं की कायद्याच्या लेखी ते शब्द बोललेच गेले नाहीत. तेही सभागृहातल्या प्रत्येकानं ऐकलेले होते, दादा. ऐकलं कुणी हा मुद्दाच नव्हता.

त्या वेळी थेट प्रक्षेपण नव्हतं, हे खरं. त्याच निकालात न्यायमूर्ती सुब्बाराव यांचं मत वेगळं होतं. पुढे 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं कामकाजाचा बऱ्याच अंशी खरा वृत्तांत देणाऱ्यांना राज्यघटनेच्या कलम 361-क खाली संरक्षणही आलं, पण वगळलेला शब्द त्यात बसतो का हे वकिलालाच विचारा. आणि हेही सांगून टाकतो, त्या फिरवलेल्या शब्दावरून पुढे कुणावरच हक्कभंग आला नाही. तरी मी आजही तो शब्द कापेन. इथेही लिहीत नाही, बघा.

तुमच्या प्रश्नाचं राहिलंच. मला महिन्याला बावीस हजार मिळायचे, तेही दोन-दोन महिने थकून. नागपूरचा भत्ता थेट दिवाळीनंतर मिळाला. चॅनेलचं म्हणाल तर दोन ठिकाणी मुलाखतीला गेलो, दोन्हीकडे माझ्या शॉट्सवरचं पक्षाचं चिन्ह आधी बघितलं गेलं. "तिकडचे का तुम्ही?" एकदा हा शिक्का बसला की कॅमेरा कसा चालवता ते कुणी विचारत नाही. सध्या मी साखर कारखान्यांच्या आणि शाळांच्या फिल्म करतो, लग्नंही करतो. आमच्यातले काही मात्र चॅनेलमध्ये नीट लागले, तेव्हा माझ्यावरून सगळ्यांचं ठरवू नका.

वेगानं एडिट करायला शिकायचं असेल तर घ्या. तिथल्यासारखी घाई दुसरीकडे नाही. फक्त रुजू होतानाच क्लिपवर शेवटचा शब्द कुणाचा ते लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. "सगळे मिळून बघतो" असं उत्तर आलं तर समजा, अंगाशी येईल तेव्हा तुमच्याच येईल.

कॉलर माइक दोन ठेवा. आणि कॅमेऱ्याचं रेनकव्हर स्वतःच्या पैशानं घ्या. कार्यालयाकडून मिळेल म्हणतात. मला चार वर्षांत मिळालं नाही.