बेळगावात घराला लाकडी फ्लोअरिंग करायचं तर सॉलिड सागवान घ्यावं की इंजिनिअर्ड?

तुम्ही विचारलंय की अनगोळला नवीन घर होतंय, खालच्या हॉलला आणि वरच्या बेडरूमला लाकडी फ्लोअरिंग करायचंय, तर कुठलं लाकूड घ्यावं. लाकडाचं नंतर बघू, आधी खालचा कोबा किती ओल धरतोय ते बघा. आपल्याकडं सगळं बिघडतंय ते तिथंच, मी स्वतः भोगलंय म्हणून सांगालोय.

आमचं घर खानापूरला. मे महिन्यात तळमजल्याच्या खोलीला सॉलिड सागवान घातलं, पाऊण इंची फळ्या, आणि फट दिसू नये म्हणून मीच मिस्त्रींच्या मागं लागून भिंतीपर्यंत घट्ट बसवून घेतल्या. जुलैत पाऊस लागला आणि पंधरा दिवसात फळ्यांच्या कडा वर, मधे खोलगट, अनवाणी चाललं की प्रत्येक जोड पायाला लागायचा, खिडकीतनं तिरपा उजेड आला की पन्हळी पत्रा घातल्यासारखं दिसायचं. खालनं ओल आली की फळीची खालची बाजू जास्त फुगते म्हणून कडा उचलतात. मी लगेच मशीन मारून सपाट करणार होतो, पण गल्लीतले एक म्हातारे सुतारमामा म्हणाले, "आत्ता हात लावू नको रे, वाळू दे." बरं झालं ऐकलं, कारण ओलं असताना कडा घासल्या की वाळल्यावर त्याच फळ्या मधे फुगीर होतात. जानेवारीपर्यंत बऱ्याच फळ्या आपोआप बसल्या. मग कडेच्या फळ्या कापून, फुगायला जागा राहावी म्हणून, भिंतीलगत 10-12 मिमी जागा सोडली, वरनं स्कर्टिंग मारलं, काही दिसत नाही.

तर वरच्या बेडरूमला सॉलिड सागवान बिनधास्त घाला, सागवान त्यामानानं कमी हलतंय आणि त्यात तेल असल्यानं वाळवीला पण टिकतंय. जुन्या घराच्या तुळ्या कुठं मिळाल्या तर त्या कापून घ्या, एवढी वर्षं वाळलेलं लाकूड वखारीत मिळणार नाही, फक्त आत राहिलेले खिळे आधी काढायला सांगा. नवीन घेणार असाल तर मॉइश्चर मीटर लावून लाकडातली ओल 10-12 टक्क्यांच्या आसपास आहे का बघा आणि फळ्या आठ-दहा दिवस त्याच खोलीत ठेवून मगच बसवा.

खालच्या हॉलला मात्र इंजिनिअर्डच घ्या. त्यात लाकडाचे पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असतात म्हणून कमी फुगतं. वरचा खऱ्या लाकडाचा थर 3-4 मिमीचा मागा, म्हणजे पुढं एकदोनदा तरी घासून पॉलिश करता येतंय. आणि दुकानात "वुडन फ्लोअरिंग" म्हणून लॅमिनेट दाखवतील, ते लाकूड नव्हे ओ, दाबलेल्या भुश्याच्या बोर्डावर लाकडाचा छापील फोटो असतोय, त्याला घासता येत नाही.

कोब्याची ओल बघायला दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिक चारी बाजूंनी टेपनं चिकटवा, एकदोन दिवसांनी उचला, आत दव दिसलं किंवा कोबा काळपट झाला तर अजून थांबा. हे शक्यतो पाऊस चालू असतानाच करा, एप्रिलात केलात तर सगळं कोरडंच दिसणार.