शेवटच्या दोन पर्यायांपाशी अडलेल्या सिस्टरला

प्रश्न : मॅडम, बीएस्सी नर्सिंग करून तीन वर्षं मेडिसिन वॉर्डात आहे. अमेरिकेच्या नर्सिंग लायसन्ससाठी एनक्लेक्स-आरएन या परीक्षेची तयारी करते आहे. सात महिन्यांत अडीच हजारांवर प्रश्न सोडवले, पण टक्केवारी ५४ ते ५८च्या पुढे हलत नाही. चारपैकी दोन पर्याय मी लगेच बाद करते आणि उरलेल्या दोनांतला हमखास चुकीचा निवडते. परीक्षा दीड महिन्यावर आली. मैत्रिणी म्हणतात, अजून एक प्रश्नसंच घे. एकीने तर परीक्षेत येऊन गेलेले प्रश्न विकत मिळतात असंही सांगितलं. तारीख पुढे ढकलू का? माझं नेमकं कुठे चुकतंय?

उत्तर :

तुझं पत्र वाचल्यावर मला पहिल्यांदा बरं वाटलं, कारण दोन पर्याय लगेच बाद करता येणं म्हणजे विषय येणं. ज्यांचा अभ्यास कच्चा असतो त्यांना चारही पर्याय सारखे दिसतात. तेव्हा मेडिकल-सर्जिकलचं जाड पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढू नकोस. आणि नवा प्रश्नसंचही घेऊ नकोस. अडीच हजार प्रश्न तुझ्याकडे आहेत, पण मला वाटतं, त्यातल्या फार थोड्या प्रश्नांपाशी तू थांबलीस.

थांबणं म्हणजे काय ते एकाच पेशंटवर दाखवते.

६८ वर्षांचे गृहस्थ, हार्ट फेल्युअर. रोज डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) आणि फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) चालू. सकाळी म्हणतात, कालपासून मळमळतंय, जेवण नको वाटतं, दिव्याभोवती पिवळं वलय दिसतं. एपिकल पल्स (छातीवर स्टेथोस्कोप ठेवून मोजलेला) ६२. पोटॅशियम ३.०. नऊच्या डिगॉक्सिनची वेळ झाली. सिस्टरने आधी काय करावं? एक, पल्स ६०च्या वर असल्यामुळे डोस द्यावा. दोन, डोस थांबवून डॉक्टरांना कळवावं. तीन, मळमळीचं औषध द्यावं. चार, पोटॅशियम असलेली फळं द्यावीत.

तीन आणि चार तू क्षणात बाद करशील. राहिले एक आणि दोन. इथे बऱ्याच मुली पहिला पर्याय निवडतात, कारण ‘पल्स ६०च्या खाली असेल तर डिगॉक्सिन देऊ नये’ हा नियम कॉलेजात पक्का पाठ झालेला असतो. पाठांतर चुकलेलं नाही. पण मळमळ, भूक जाणं, पिवळं दिसणं आणि फ्युरोसेमाइडने उतरलेलं पोटॅशियम हे एका ओळीत मांडायचं राहून गेलं. पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिनची विषबाधा लवकर होते, आणि पल्स ६२ दिसतो म्हणून ती टळत नाही. उत्तर दुसरा पर्याय.

आता बहुतेक जण काय करतात? स्पष्टीकरण वाचतात, ‘हो की, माहीत होतं मला’ म्हणतात आणि पुढच्या प्रश्नाला लागतात. तुझे सात महिने असेच गेले असावेत. तिथे स्वतःला एक प्रश्न विचार : मी निवडलेलं उत्तर कोणत्या पेशंटसाठी बरोबर ठरलं असतं? हेच गृहस्थ, पल्स ६२, पण पोटॅशियम ४.२ आणि कसलीही तक्रार नाही. तर डोस देणं बरोबर होतं. म्हणजे तू खोटं उत्तर निवडलं नव्हतंस, दुसऱ्या पेशंटचं उत्तर या पेशंटला दिलंस. हा फरक वहीत स्वतःच्या शब्दांत लिहिलास, की तो प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला.

शेवटच्या दोन पर्यायांचं गणित बहुधा असंच असतं. दोन्ही गोष्टी एरवी करण्यासारख्याच असतात, फक्त या पेशंटला, या घडीला, आधी कोणती हे विचारलेलं असतं. रक्त चढवायला सुरुवात करून दहा मिनिटं झाली, थंडी वाजून ताप आला, कंबर दुखू लागली : डॉक्टरांना कळवायचंच आहे, पण आधी रक्त थांबवायचं. उलट पेशंट नुसतं ‘अस्वस्थ वाटतंय’ म्हणाला आणि बाकी काहीच सांगितलेलं नाही, तर आधी तपासायचं. वॉर्डात तीन वर्षं काढलेल्या सिस्टरचा हात सवयीने ‘डॉक्टरांना कळवा’ या पर्यायाकडे जातो. एनक्लेक्स मात्र आधी हे बघते की तुझ्या अधिकारातलं, तुझ्या हातातलं काही करायचं राहिलंय का. राहिलं असेल तर ते आधी.

कोणाकडे आधी जायचं, या प्रश्नांतही आकडे फसवतात. सीओपीडीचा (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा) पेशंट, ऑक्सिजन ९० टक्के. मधुमेही बाई, साखर २१०. अपेंडिक्स काढलेला मुलगा, दुखणं दहापैकी सहा. आणि मांडीच्या हाडाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेल्या आजी, ज्यांना आत्ता अचानक दम लागलाय. नजर ९०वर खिळते. पण सीओपीडीत तो आकडा अपेक्षित आहे. आजींचा दम अनपेक्षित आहे, फुप्फुसात गुठळी गेली असू शकते. पाय आजींच्या खाटेकडे वळले पाहिजेत.

तिथल्या कामाच्या वाटणीचे प्रश्न तुझ्या अनुभवाबाहेरचे असतील, त्यांना वेगळा वेळ दे. आरएनच्या (रजिस्टर्ड नर्सच्या) हाताखाली एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स) आणि सहायक असतात. पहिली तपासणी, पेशंटला शिकवणं, परिणाम जोखणं आणि अस्थिर पेशंट हे आरएनने स्वतःकडे ठेवायचं; स्थिर पेशंटचे व्हायटल्स, अंघोळ, भरवणं, चालवणं सहायकाकडे देता येतं. व्यवस्थापनाचा हा विभाग परीक्षेत लहान नाही, २०२३च्या आराखड्यात त्याचा वाटा १५ ते २१ टक्के होता. औषधांची नावंही अमेरिकी करून घे : पॅरासिटामॉल तिथे असिटॅमिनोफेन, सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, अॅड्रिनॅलिन म्हणजे एपिनेफ्रिन. ओळखीचं औषध अनोळखी नावाने समोर आलं म्हणून मार्क जाऊ नयेत.

१ एप्रिल २०२३पासून परीक्षेचं रूप बदललंय हे तुला माहीत असेलच, पण तुझ्या सरावात ते दिसत नाही. पत्रात सगळीकडे ‘चार पर्याय’च आहेत. आता प्रत्येकीला किमान तीन केस स्टडी येतात, प्रत्येकीत सहा प्रश्न. समोर पेशंटची फाइल : नर्सच्या नोंदी, व्हायटल्स, लॅब रिपोर्ट, ऑर्डर्स. सहा प्रश्नांचा क्रम असा : कोणत्या खुणा महत्त्वाच्या, त्या काय सांगतात, त्यातली सगळ्यात धोक्याची शक्यता कोणती, काय काय करता येईल, प्रत्यक्षात काय करशील, आणि उपयोग झाला का. नीट बघ, ड्युटीचा चार्ज घेताना तू मनात हेच करतेस. म्हणून सरावातली केस वाचताना चार्ज घेते आहेस असंच वाच.

डिगॉक्सिनच्या त्या गृहस्थांचाच ‘बो-टाय’ प्रश्न (बो-टायच्या आकाराची आकृती भरायचा प्रकार) करून बघ. मधल्या चौकटीत एक स्थिती : डिगॉक्सिनची विषबाधा. डावीकडे दोन कृती : डोस थांबवणं आणि ईसीजी मॉनिटर लावणं. उजवीकडे लक्ष ठेवायच्या दोन गोष्टी : हृदयाची लय आणि पोटॅशियम. जुन्या प्रश्नांतून आठवड्यात असे चार-पाच बो-टाय स्वतः तयार कर. प्रश्न सोडवण्यापेक्षा तो मांडताना जास्त शिकायला मिळतं, हे मी शिकवताना पुन्हा पुन्हा पाहिलंय.

‘लागू असलेले सर्व निवडा’ या प्रकारात अंदाजाने सगळ्यांवर खूण करू नकोस. बरोबर पर्यायाला एक गुण मिळतो आणि चुकीच्या निवडीचा एक कापला जातो, फक्त एकूण शून्याखाली जात नाही. प्रत्येक पर्याय सुटा धरून ‘या पेशंटला लागू आहे का, हो की नाही’ एवढंच विचार.

आता तुझे ५८ टक्के. ही परीक्षा तुझ्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न निवडते. बरोबर आलं की थोडा अवघड, चुकलं की थोडा सोपा. तुला साधारण निम्मी संधी असेल अशाच प्रश्नांवर ती तुला ठेवते. त्यामुळे किती टक्के बरोबर याला तिथे अर्थ नाही. किती अवघड पातळीवर टिकलीस ते बघतात. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास, आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. ८५वर स्क्रीन बंद झाली म्हणजे पास किंवा नापास असं काही नाही. संगणकाची ९५ टक्के खात्री पटली, एवढाच त्याचा अर्थ. शंभराव्या प्रश्नाला ‘सगळं चुकतंय’ असं वाटलं तर हे आठव आणि समोरचा एकच पेशंट बघ.

विकतच्या ‘आलेल्या’ प्रश्नांना हातही लावू नकोस. परीक्षेचे प्रश्न गुप्त ठेवण्याचा करार प्रत्येक उमेदवाराने केलेला असतो आणि तो मोडल्यास निकाल रद्द होऊ शकतो. शिवाय ती उत्तरं कोणी तपासलेली नसतात. चुकीचं उत्तर पाठ करून पेशंटसमोर उभी राहशील, याची मला जास्त भीती वाटते.

रोज २५ प्रश्न पुरेत, एका बैठकीत, घड्याळ लावून. त्यानंतर दुप्पट वेळ वहीला. बरोबर आलेले प्रश्नही तपास. अंदाजाने बरोबर आलेलं उत्तर चुकलेल्यातच धर. वहीत प्रत्येक चुकीपुढे तीन गोष्टी लिही : कोणती खूण निसटली, मी हे का निवडलं, ते कोणत्या पेशंटला बरोबर ठरलं असतं. नाइट ड्युटीनंतर प्रश्न नको, झोप घे. त्या दिवशी फक्त वही चाळलीस तरी चालेल. शेवटच्या पंधरवड्यात दोनदा सलग पाच तास बसून बघ, कारण थकल्यावर वाचन सैल होतं आणि ‘आधी’ हा शब्दच नजरेतून सुटतो.

तारखेचं आज ठरवू नकोस. दोन आठवडे असा अभ्यास कर, मग वही उघड. निसटलेल्या खुणा आणि ‘आधी काय’च्या चुका कमी होत असतील तर टक्केवारी काही म्हणो, तारीख तीच ठेव. त्याच चुका पुन्हा पुन्हा दिसत असतील तर खुशाल पुढे ढकल; नापास झालीस तर पुढच्या प्रयत्नासाठी किमान ४५ दिवस थांबावं लागतं, त्यापेक्षा हे बरं. पण ढकलण्याआधी एटीटीच्या, म्हणजे परीक्षेला बसायच्या परवानगीच्या, पत्रावरची शेवटची तारीख बघ. ती उलटली तर नोंदणी आणि फी दोन्ही नव्याने.

दोन आठवड्यांनी वहीतल्या वीस नोंदी मला पाठव. चांगल्या निवडून नको, सलग वीस.