तालमीतला नायटा

तालमीत नवीन आहेस, म्हणून लंगोटाचंच आधी सांगतो. घामाने भिजलेला लंगोट पिशवीत कोंबून संध्याकाळी तोच नेसायचा नाही. दोन-तीन ठेव, रोज धू, कडक उन्हात वाळव. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरव, शिवणीवर जरा जास्तच.

नायटा म्हणजे कातडीला धरलेली बुरशी. तो बहुतेकदा जांघेत धरतो, मग कमरेवर, काखेत. कुस्तीत अंगाला अंग घासतं, त्यामुळे मान आणि दंडही सुटत नाहीत. कडेला लाल, खवलेदार गोल आणि मधली कातडी बरी दिसली की समज. तेवढे दिवस कुणाशी कुस्ती धरू नकोस. वस्तादांना सांग, ते रागावणार नाहीत. रागावले तरी चालेल. टॉवेल कुणाचा घ्यायचा नाही, द्यायचाही नाही.

आता मलमाचं. दुकानातून विचारून आणलेल्या ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, आणि बुरशी खुशाल पसरत राहते. २०१८ मध्ये अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला सरकारने मनाई केली, तरी सर्रास मिळतात. त्वचेच्या डॉक्टरांकडेच जा. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाला दाद न देणारी बुरशी आपल्याकडे पसरलीय, त्यामुळे मित्राची गोळी तुला लागू पडेलच असं नाही. डाग गेला म्हणून औषध मधेच सोडू नकोस.

घरात कुणाला साखर असेल तर तुझे कपडे वेगळे धू. त्यांना हे लवकर धरतं आणि सुटता सुटत नाही. लहान पोरांना डोक्यात होतो, केस जाऊन चकत्या पडतात. तिथे नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं.