माळावर झाडं नकोत, हे आता गावाला कोण सांगणार?

प्रश्न : ताई नमस्कार, मी पाटोदा तालुक्यातला, शेती करतो. माझा जिगरी दोस्त पोळ्याच्या आधी हार्ट अटॅकनं गेला. पहिलीपासून आम्ही सोबत. त्याला पाखरांचं, गवताचं लई वेड, पाळी घालताना टिटवीची अंडी दिसली की तेवढी जागा सोडून औत वळवायचा, मलाबी वळवायला लावायचा. कोणतं पाखरू कधी कुठं दिसलं ते लिहून वह्याच्या वह्या भरल्यात. दहाव्याला कावळा शिवंना. कुणी म्हणलं लेकरांना सांभाळतो, कुणी म्हणलं कर्जाचं बघतो, शेवटी एकजण म्हणला तुझ्या नावानं गायरानाच्या माळावर पाचशे झाडं लावतो, आन कावळा शिवला. आता वर्षश्राद्धाच्या आधी, येत्या पावसाळ्यात तिथं खड्डे घ्यायचं ठरायलंय. पण माळावर झाडं लावू नका म्हणून तोच सांगायचा. मी बोललो तर लोक म्हणतील दोस्ताच्या नावाला आडवा आला. मला अजून रडूबी आलं नाही, माळाकडं जायचंच बंद केलंय. घरचे म्हणायलेत, दोस्तच तर होता, सख्ख्या भावासारखं काय करायलास. काय करू?

उत्तर : दादा, आधी घरच्यांच्या बोलण्याचं बघू. भाऊ गेला की सुतक असतं, दहा दिवस कुणी कामाला लावत नाही, लोक भेटायला येतात, माणूस आपोआप बोलतो, रडतो. दोस्त गेला तर यातलं काहीच नाही, दुसऱ्या दिवशी सोयाबीनला पाणी द्यायचंच असतं. म्हणून तुमचं दुःख कमी ठरत नाही, त्याला बसायला जागा मिळाली नाही एवढंच. रडू आलं नाही याचा अपराध मनात ठेवू नका, कुणाला ते फार उशिरा येतं. मात्र झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्यातच काही उरलं नाही असं वाटत असेल तर १४४१६ वर फोन करा, टेली-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता माळाचं. तुमच्या दोस्ताचं बरोबर होतं आणि हे मी ठामपणे सांगते. आपल्या बालाघाटावरचा माळ दिसतो उजाड, पण पवन्या, मारवेल, कुसळीच्या त्या गवतात माळटिटवी, चंडोल, धाविक या पाखरांची घरं असतात, सगळी जमिनीवर अंडी घालणारी. त्यांना लांबपर्यंत मोकळं दिसायला लागतं. तिथं दाट झाडं आली की कावळ्या-शिकऱ्यांना बसायला जागा होते, अंडी-पिल्लं जातात, आणि सावलीत गवतही मागं हटतं, म्हणजे गावच्या गुरांचाही चारा गेला. त्यात स्वस्त आणि लवकर वाढतं म्हणून ग्लिरिसिडिया आणलं, तर ते मूळ मध्य अमेरिकेतलं झाड, आपल्या माळाशी त्याचं काही नातं नाही.

राहिला कावळ्यासमोर दिलेला शब्द. तो मोडा असं मी म्हणणार नाही, त्या माउलीच्या आणि लेकरांच्या मनाला त्यानं शांती मिळाली असेल. पण आपण पिंडाशी उभं राहून शब्द कशासाठी देतो, गेलेल्याची इच्छा अडकून राहू नये म्हणूनच ना, आणि त्याची इच्छा तुमच्याइतकी त्या गर्दीत कुणाला माहीत होती? झाडं लावायचीच. ओढ्याच्या काठाला, शाळेत, रस्त्याच्या कडेला, बांधावर लावा. वड, उंबर, पिंपळ, कडुलिंब, चिंच, करंज. पाचशेचा हट्ट सोडा, एप्रिल-मेमध्ये जितक्यांना पाणी घालता येईल तितकीच घ्या, कारण आपल्याकडं रोप पावसाळ्यात जगतंच, मरतं ते पहिल्या दोन उन्हाळ्यांत. कोणत्या झाडाला कोण पाणी घालणार ती नावं खड्ड्यांच्या आधी ठरवा, आणि शेळ्यांसाठी बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण पहिल्याच दिवशी करा.

हे एकदम ग्रामसभेत मांडू नका, चारचौघांत माणूस अडून बसतो. आधी वहिनींकडं जा. तसंही जायला पाहिजे, दिवस झाल्यावर लोक यायचे बंद होतात. त्यांना सांगा तो माळाबद्दल काय म्हणायचा, बहुतेक त्यांनीही ऐकलेलं असणार, आणि त्यांच्या तोंडून ते गावात गेलं तर तुम्हाला कुणी आडवा आला म्हणणार नाही. त्यांनी हो म्हटलं तर वह्या मागून घ्या. मग ज्यानं शब्द दिला त्याला आणि सरपंचांना सकाळी लवकर माळावर न्या, वहीतली पानं वाचून दाखवा, जागा दाखवा. माळटिटवी दिसली तर उत्तमच. उन्हाळ्यात ही टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसून ती गार ठेवते, हे एकदा डोळ्यानं बघितलेला माणूस तिथं खड्डा घ्यायला धजत नाही.

त्या वह्यांना कपाटात वाळवी लागू देऊ नका. ई-बर्ड म्हणून पाखरांच्या नोंदी ठेवायची वेबसाइट आहे, तिच्यावर जुन्या नोंदीही तारीख-ठिकाणासकट टाकता येतात, गावातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला सोबत घेऊन बसा, आधी फोनमध्ये पानांचे फोटो काढून ठेवा. ५ ते १२ नोव्हेंबर आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो, पक्षी अभ्यासक मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांमधला आठवडा. त्या आठवड्यात त्याच्या लेकरांना आणि शाळेतल्या दोन-चार पोरांना घेऊन माळावर जा. एकट्यानं पाय उचलत नसेल तर पोरांबरोबर उचलेल, आणि बाप तिथं काय बघायचा ते त्या लेकरांना सांगू शकेल असे आता तुम्हीच आहात. सांगताना मध्येच रडू आलं तर येऊ द्या, पोरांसमोर लपवू नका.