चार शिकारी आणि एक टाकी

प्रिय मित्रा,

तुझी यादी वाचली. हजार लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आणि त्यात लायनफिश, क्लाउन ट्रिगर, पँथर ग्रूपर आणि सापासारखा लांब स्नोफ्लेक मोरे. चारही मासे माझ्या आवडीचे, पण एका टाकीत यातले दोनच ठेव.

दुकानात पँथर ग्रूपर चार बोटांएवढा असतो. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, मान खाली घालून डुलत पोहणं. बघताक्षणी घरी न्यावासा वाटतो. पण तो आपल्या हेकरूच्या कुळातला, दोन फुटांवर जातो. तुझ्या अडीच फूट रुंद टाकीत त्याला धड वळताही येणार नाही. तो यादीतून काढ.

क्लाउन ट्रिगर देखणा, पण वाढला की टाकी आपलीच समजतो. लायनफिशचे लांब पंख त्याला कुरतडायला आयतेच मिळतात. लायनफिश संथ. पंख पसरून भक्ष्याला कोपऱ्यात रेटायचं आणि एका क्षणात गिळायचं, ही त्याची रीत. ट्रिगर झडप घालून तोडणारा. खाणं पडताच तो सगळं उडवतो आणि लायनफिश उपाशी राहतो. ट्रिगर हवाच असेल तर त्याला एकट्याची टाकी दे. केंड माशाचंही तेच, त्यालाही पंख कुरतडायची खोड असते.

उरले लायनफिश आणि मोरे. ही जोडी जमते. स्नोफ्लेक मोरेचे दात बोथट असतात, खेकडे-कोळंबी फोडण्यासाठी घडलेले, त्यामुळे मोठ्या माशांच्या वाटेला तो सहसा जात नाही. नजर अधू, नाक तीक्ष्ण. लांब चिमट्याने माकूलचा तुकडा थेट त्याच्या बिळाशी धर, म्हणजे लायनफिशशी ओढाताण होणार नाही. सोबतीला पिवळा फॉक्सफेस घे. तो शेवाळ खातो, लायनफिशसारखंच त्याच्या काट्यांतही विष असतं. मात्र पाच-सहा इंचांचाच घे. लायनफिश स्वतःच्या निम्म्या लांबीचा मासा गिळू शकतो. माझा एक डॅम्सल, म्हणजे छोटा चपळ मासा, रात्रीत नाहीसा झाला आणि सकाळी लायनफिशचं पोट टम्म फुगलेलं दिसलं. चूक माझी होती, मी डॅम्सलचा चपळपणा मोजला आणि लायनफिशचं तोंड मोजायचं विसरलो.

आता झाकण. याबद्दल मी दहा वेळा सांगेन. माझा पहिला मोरे पाइपसाठी ठेवलेल्या दोन बोटांच्या फटीतून बाहेर पडला. सकाळी स्टँडमागे वाळलेला सापडला. ते आठवलं की आजही वाईट वाटतं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी स्नोफ्लेक मोरेंना उतारावरून पाण्याबाहेर येऊन माकूल खायला शिकवलं होतं. 2021 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. घशातल्या दुसऱ्या जबड्याने घास आत ओढता येत असल्यामुळे त्याला गिळायला पाणीही लागत नाही. असा प्राणी फट सोडेल का? पाइपभोवती जाळी घट्ट बसव.

दुकानातून आणलेला लायनफिश बऱ्याचदा आधी फक्त जिवंत खाद्यच खातो. दुकानदार गोल्डफिश द्यायला सांगतील, देऊ नकोस. त्यात चरबी फार असते आणि ब-1 जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं. पारदर्शक काडीला कोळंबीचा तुकडा लावून त्याच्यासमोर हळूहळू हलव. दोन-तीन आठवडे लागले तरी धीर सोडू नकोस. वाढल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा खाणं पुरे.

या माशांची घाण खूप, म्हणून प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसावाटे काढणारं यंत्र, टाकीच्या मानाने मोठाच घे. अमोनिया आणि नायट्राइट ही घाणीतून तयार होणारी विषारी द्रव्यं शून्यावर टिकल्याशिवाय एकही मासा आणू नकोस. नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेव. मोरेवर मात्र तांब्याचं औषध वापरू नकोस, त्याला ते सोसत नाही.

टाकीत हात घालताना लायनफिश कुठे आहे ते आधी बघ. त्याला 18 विषारी काटे असतात. टोचलाच तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशांपर्यंतच्या, बुडवून ठेव आणि डॉक्टरांकडे जा. घरच्यांनाही हे आजच सांगून ठेव.

आधी फॉक्सफेस, मग मोरे, शेवटी चार इंची लायनफिश, या क्रमाने आण. झाकणाचं माप घेतलंस की फोटो पाठव. पाइपची जागा मला बघायची आहे.

तुझा,
काका