'गॉट इट' दाबलं, आता काय?

प्रश्न: मागे एकदा क्रोममध्ये जाहिरातींच्या प्रायव्हसीबद्दल काहीतरी पाटी आली होती, मी न वाचताच 'गॉट इट' दाबून मोकळी झाले. आता मुलगा म्हणतो, आई तू स्वतःच ट्रॅकिंगला परवानगी दिलीस. खरंय का? ही नवीन फीचर्स बंदच करून टाकू का? – एक वाचक, सांगली

उत्तर: मुलाचं अर्धंच खरंय. ते 2023 मधलं टॉपिक्स नावाचं फीचर. तुम्ही कुठल्या साइट बघता त्यावरून क्रोम दर आठवड्याला तुमच्या आवडीचे पाच विषय काढायचं, प्रवास, स्वयंपाक, क्रिकेट असले, आणि जाहिरातवाल्यांनी विचारलं की त्यातले दोनतीन सांगायचं, मधूनच मुद्दाम एखादा भलताच विषयही ठोकून द्यायचं. कुकी, म्हणजे साइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते ती ओळखचिठ्ठी, तिच्यापेक्षा हे कमी चोंबडं, मान्य. पण युरोपात 'चालू करू की नको' असं सरळ विचारलं आणि तुमच्यासमोर नुसतं 'गॉट इट', म्हणजे चालू आधीच होतं, तुम्ही फक्त मान डोलावली. मला खटकतं ते हे.

बरं, 2025 च्या ऑक्टोबरमध्ये गुगलनेच टॉपिक्स गुंडाळायचं जाहीर केलं, त्यामुळे त्याची काळजी सोडा. खरी गोम जुन्याच गोष्टीत आहे. थर्ड पार्टी कुकीज, म्हणजे तुम्ही बातमी वाचताय एका साइटवर आणि तिथली जाहिरात कंपनी तुम्हाला दुसऱ्या साइटवरही ओळखते ते. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरने 2020 मध्येच त्या अडवल्या, गुगलने त्याच वर्षी दोन वर्षांत बंद करू म्हटलं, मग तारीख पे तारीख, आणि 2024 मध्ये चक्क राहू द्या म्हणाले!

आणि नवीन फीचर निरुपद्रवी दिसलं तरी भरवसा नाही. साइटला बॅटरी किती उरलीय ते कळावं म्हणून सोय केली होती, कमी असेल तर साइटने हलकं पान दाखवावं, एवढाच हेतू. 2015 मध्ये संशोधकांनी दाखवलं की उरलेले टक्के आणि बॅटरी संपायला उरलेले सेकंद जुळवले तर कुकी पुसलेला माणूसही थोडा वेळ ओळखता येतो. फायरफॉक्स ब्राउझरने 2017 मध्ये ती सोय काढली, क्रोममध्ये राहिली.

तेव्हा सरसकट सगळं बंद करू नका. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन थर्ड पार्टी कुकीज ब्लॉक करा, मोबाइलवर वेगळं करावं लागेल. एखाद्या साइटचं लॉगिन अडकलंच तर तेवढ्या साइटला सूट देता येते.